आता असं नसतं, आजोबा

२०२०च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला पेणच्या मित्राचा मेसेज आला : ‘माझे चार मेले.’

ते वर्ष आठवा. त्या वर्षी असा मेसेज वाचून ‘कोण चार?’ असं टाइप करत कुणी बसलं नसतं. मी थेट फोन लावला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "अरे, गेममधले."

"आज कुठे खेळलो आपण?"

"खेळताना नाही मेले. पुस्तकात मेले. नवीन आवृत्ती आली ना."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. तो हसला नव्हता, हे लक्षात यायला मला पाच वर्षं लागली.

खेळाचं नाव फ्रॉस्टग्रेव्ह. हजार वर्षं बर्फाखाली गाडलेलं जादूगारांचं एक शहर आता वितळायला लागलंय आणि त्यातला खजिना लुटायला वेगवेगळे जादूगार आपापल्या टोळ्या घेऊन आलेत, अशी त्यामागची गोष्ट. प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, त्याचा एक शिकाऊ चेला आणि जास्तीत जास्त आठ भाडोत्री सैनिक. टेबलावर पडकी घरं मांडायची, इंचपट्टीने अंतर मोजून माणसं सरकवायची, वीस बाजूंचा फासा टाकायचा. हजारोंच्या फौजा नाहीत, फक्त चकमक. जोसेफ मॅककुलो या लेखकाचं हे नियमांचं पुस्तक २०१५ साली ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनाने काढलं. आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो.

आम्हाला हा खेळ परवडला याचं कारण एकच. या जातीच्या बहुतेक खेळांत कंपनीचेच छोटे पुतळे विकत घ्यावे लागतात आणि ते भारतात मागवायचे म्हणजे मेसचं महिन्याचं बिल बरं. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये तसं बंधन नाही. साधारण मापात बसेल असं काहीही उभं करा आणि म्हणा, हा माझा तिरंदाज. हे वाचल्यावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला जे सुचेल तेच आम्हाला सुचलं. दिवाळीतला किल्ला. आपण सगळ्यांनी लहानपणी हा खेळ खेळलेलाच असतो. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मातीचे मावळे, उतारावर पेरलेले अळीव, आणि बुरुजाशेजारी कुठून तरी आलेला प्लॅस्टिकचा वाघ आणि बॅट धरलेला क्रिकेटर. मावळ्यापेक्षा वाघ लहान असला तरी कुणाची तक्रार नसते.

पेणच्या मित्राचं घर म्हणजे गणपतीचा कारखाना. त्याला बाजारातले मावळे आणायची गरज नव्हती. एका सुट्टीत घरी जाऊन त्याने शाडूचे आठ सैनिक केले, अंगठ्याएवढे. रंगवायला गणपतीच्या डोळ्यांचा ब्रश. एकाचा पाय वाळताना वाकडा झाला, त्याचं नाव तिरका. एकाचं तोंड रंगवायचं राहिलं, तो मुका. एक दांडपट्टेवाला. आणि एक बाई होती, कमरेवर हात ठेवून उभी, तिचं नाव आत्या. पुस्तकाच्या भाषेत ते नाइट, टेम्प्लर, रेंजर, बार्बेरियन असे सगळे खर्चिक सैनिक होते. सुरुवातीला तो त्यांना हलक्या सैनिकांच्या नावाने खेळवायचा, मग डावामागून डाव सोनं साठवून एकेकाला बढती द्यायचा. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये टोळी एका डावापुरती नसते. जादूगार शिकत जातो, पैसा साठत जातो. आणि डावात पडलेल्या सैनिकासाठी शेवटी पुन्हा फासा टाकतात. वीसपैकी एक ते चार आलं, तर तो मेला. मेला म्हणजे कायमचा. चार वर्षांत माझे कितीतरी मेले. त्याचे आठ जगले. थोडं नशीब, आणि बरंचसं असं की जिंकायची संधी सोडून तो आत्याला मागे घ्यायचा.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. मी नागावला घरी होतो. दुपारच्या दोन-तीन तासांत वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. नारळ मुळासकट उपटले. पडवीचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी सापडले. वीज यायला कित्येक दिवस गेले, फोन असून नसल्यासारखे. शेवटी रेंज आली तेव्हा पेणहून पहिलं जे आलं तो एक फोटो होता. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने उभे आठ जण. खाली दोन शब्द : ‘सगळे हजर.’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो ‘चार मेले’वाला मेसेज.

झालं होतं असं की फ्रॉस्टग्रेव्हची दुसरी आवृत्ती आली होती. तिने सैनिकांचे दोन वर्ग केले, साधे आणि तज्ज्ञ, आणि म्हटलं की एका टोळीत तज्ज्ञ फक्त चार. मित्राचे आठही तज्ज्ञ. तेव्हा चार बाहेर.

तो म्हणाला, आपण आपलं जुन्यानेच खेळू. मी म्हणालो, नको. माझी कारणं चांगली होती आणि आजही मला ती पटतात. जुन्या आवृत्तीत मुरलेला खेळाडू पैसा साठवून सगळे भारी सैनिक घेऊन बसायचा आणि नवीन आलेला पहिल्याच डावात चिरडला जायचा. लॉकडाऊनमध्ये कॉलेजचे तीन ज्युनिअर व्हिडिओ कॉलवर आमच्यात खेळायला लागले होते, त्यांच्याकडे नवीनच पुस्तक होतं. आमची भांडणं कुठल्या नियमांनी सोडवायची, याला एकच उत्तर असायला हवं होतं. मी हे सगळं त्याला सांगितलं. नाही, खरं म्हणजे सांगितलंही नाही. मी त्याला त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि चारच्या आकड्याभोवती लाल गोल काढला.

‘ठीक आहे,’ त्याने लिहिलं. आमच्याबरोबर तो आणखी तीन डाव खेळला. मग कारखान्याची गडबड, मग नेट चालत नाही, मग काहीच नाही. मी समजलो, माणसं कामाला लागतात, खेळ सुटतात.

हे सगळं गेल्या वर्षी परत वर आलं ते ऑफिसमध्ये. आमची टीम एका जुन्या सिस्टिमचं जुनं व्हर्जन बंद करत होती. छोटे व्यावसायिक त्यात आपल्या हिशेबाच्या फाइली चढवतात. फाइलची रचना आम्ही बदलली, सहा महिने आधी ईमेल पाठवले, ठरलेल्या तारखेला जुना दरवाजा बंद केला. दुसऱ्या दिवशी सपोर्टकडून एक कॉल माझ्याकडे आला. पलीकडे एक वयस्क अकाउंटंट. बारा वर्षं तीच फाइल त्याच पद्धतीने पाठवत होते. स्क्रीनवर आता लाल अक्षरांत ‘चुकीची फाइल’ असं येत होतं. ते चिडले नव्हते. ते एवढंच विचारत होते, "काल बरोबर होतं ना? मग आज माझं काय चुकलं?"

तो लाल मजकूर मी लिहिला होता. मी त्यांना नवी पद्धत सांगितली, ते ‘थँक्यू बेटा’ म्हणाले आणि फोन ठेवला. आणि मला अचानक माझे आजोबा आठवले.

आजोबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांचा एकच नाद, बुद्धिबळ. लाकडी पट नव्हता. आजीने कापडावर रंगीत धाग्याने चौसष्ट घरं शिवून दिली होती, काळी-पांढरी नव्हे, नुसती घरं. संध्याकाळी ओटीवर ते आणि शेजारचे काका बसायचे. काका गेले त्यानंतर समोर बसायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन.

ते खेळायचे देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही, एकच जातं. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की पाहिजे ते होत नाही, ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात उंट. आणि सगळ्यात मोठा मान प्यादेमातीला. आजोबा वजिराने मात करायची संधी आली तरी करायचे नाहीत. थांबायचे, प्यादं पुढे आणायचे आणि मग हळूच म्हणायचे, "बाबू, बघ. पायदळ आलं."

दहाव्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी अलिबागला बुद्धिबळाच्या शिबिराला गेलो. तिथून एक पातळ पुस्तिका घेऊन आलो. त्या संध्याकाळी आजोबांनी राजा उचलला आणि अडीच घरं उडवला. मी खो-खो हसलो.

"आजोबा, राजा असा उडत नाही."

"एकदा उडतो की."

"नाही उडत. चूक आहे ते. आता असं नसतं, आजोबा." आणि मी पुस्तिका आणून त्यांच्यासमोर पान उघडलं.

त्यांनी चष्मा लावला. अख्खं पान वाचलं, मग उलटून पुढचंही वाचलं. "बरं," ते म्हणाले. "तुझ्या नियमाने खेळू."

त्या आठवड्यात मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हरवलं. माझी प्यादी दोन-दोन घरं झेपावत होती आणि पन्नास वर्षं एकेका घराचा हिशेब करणारा तो माणूस प्रत्येक वेळी एका चालीने मागे पडत होता. राजाला पळायची वेळ आली की त्यांचा हात सवयीने अडीच घरांवर जायचा आणि हवेतच थांबायचा. मला वाटलं, मी हुशार झालो. एकदा ते प्यादेमातीसाठी थांबले तर मी म्हणालो, "प्यादेमात काय, वजीरमात काय, पॉइंट एकच असतो." सुट्टी संपता संपता ते म्हणायला लागले, "तू मांड रे, मी बघतो." मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो, ते ओटीवर बसून बघायचे. पुढे बघायचेही बंद झाले. २०१८ला ते गेले. तो कापडी पट मी नंतर खूप शोधला, सापडला नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी आजोबांना जे सांगितलं ते निर्दय होतं, हे कुणालाही दिसेल. पण ते मुळात खोटं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

‘चूक’ या शब्दाला अर्थ असायला एक नियम आधी लागू असावा लागतो. आमच्या ओटीवर देशी नियम लागू होते. त्या नियमांत राजाची उडी चूक नव्हती, उलट उत्तम चाल होती. मी जो नियम आणला तो वेगळा होता. मी ‘वेगळं’ म्हणायच्या जागी ‘चूक’ म्हणालो आणि एका शब्दाने त्यांची पन्नास वर्षं भूतकाळात जाऊन रद्द केली. नव्या आवृत्तीचा खरा धोका तिथे असतो. उद्यापासून असं खेळू, एवढं म्हणून ती थांबत नाही. तुम्ही आजवर जे खेळलात ते खेळणं नव्हतंच, असंही ती नकळत म्हणून जाते.

आणि ज्याच्या नावाने मी बोलत होतो ते ‘बरोबर’ बुद्धिबळ तरी काय होतं? तेही एक आवृत्तीच. आज पटभर धावणारी राणी, आपला वजीर, युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिरपं एकच घर चालायची. तिला आजची ताकद दिली तेव्हा तिथेही कुणाचे तरी आजोबा हात हवेत धरून थांबले असणार. आपल्याकडे १८१४ साली मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं मूळ संस्कृतातलं लेखन त्यात इंग्रजीत आणलं होतं आणि शीर्षकातच म्हटलं होतं की हे युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. मला त्या शीर्षकाचा प्रामाणिकपणा आवडतो. जुळवून घेतलं, म्हणाले. सुधारलं, असं नाही म्हणाले.

इथे कुणी म्हणेल, मग काय, जुन्यालाच कवटाळून बसायचं? नाही. दुसऱ्या बाजूचं पारडंही जड आहे. मीर सुलतान खान हा पंजाबातला खेळाडू देशी नियमांवर वाढला. विशी उलटल्यावर युरोपीय नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला. डावाच्या सुरुवातीच्या चाली त्याला कायम परक्या राहिल्या, असं जाणकार सांगतात. तरी जिंकला. २०२५च्या जुलैमध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली. नागपूर आणि बाटुमी यांच्यात एकच पट असायला एकच नियम लागतो. आजोबांच्या ओटीवरचे नियम कितीही गोड असोत, ते ओटीच्या पायरीशी संपत होते. आज आमच्या गावातल्या एखाद्या मुलीने तिथेच थांबावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

म्हणजे नियम बदलायला हवेत, आणि बदलताना कुणाचं तरी काहीतरी जाणार. मग जो बदलतो त्याने ज्याचं जातं त्याचं देणं काय लागतं?

आमच्या धंद्यात या प्रश्नाचा थोडा विचार झालाय. सॉफ्टवेअरच्या व्हर्जनला तीन आकडे देण्याची एक पद्धत आहे. चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढतो, नवी सोय दिली तर मधला. आणि जुनं चालणं बंद पडणार असेल तर पहिला. वाटतो तांत्रिक प्रकार, पण त्यात एक नैतिक भेद आहे. दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा, आणि बदल असेल तर तो दुरुस्तीच्या नावाखाली खपवायचा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर त्याहून कडक दंडक आहे. नव्या कर्नलमुळे लोकांचा चालू प्रोग्राम बंद पडला, तर दोष प्रोग्रामचा नाही, कर्नलचा. त्या अकाउंटंटना मी दाखवलेली लाल अक्षरं बरोबर उलटं सांगत होती. फॉर्म्युला आम्ही बदलला आणि चूक त्यांच्या नावावर टाकली. मी तो मजकूर बदलला. आता तिथे येतं : ‘ही फाइल जुन्या पद्धतीची आहे. आम्ही पद्धत बदलली आहे.’ दोन वाक्यं. त्याने कुणाचं काम वाचलं नाही. पण निदान ते खरं आहे.

प्रकाशक आणि कंपन्यांचं काय? या खेळांच्या जगात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वॉरहॅमरचं. तीस वर्षांहून जुनं त्याचं काल्पनिक जग कंपनीने २०१५च्या सुमारास गोष्टीतच नष्ट करून टाकलं आणि एज ऑफ सिग्मार हा वेगळाच खेळ आणला. चौकोनी बैठकींवर रांगांत उभी राहणारी सैन्यं, आता गोल बैठकींवर सुटी. लोक इतके दुखावले की एकाने आपलं रंगवलेलं सैन्य पेटवून त्याचा व्हिडिओ टाकला. पण बाकीच्यांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी एकत्र येऊन जुन्या धर्तीवर स्वतःचे नियम लिहिले, द नाइन्थ एज या नावाने, आणि खेळत राहिले. २०२४मध्ये कंपनीनेच द ओल्ड वर्ल्ड नावाने ते जुनं जग, चौकोनी बैठकींसकट, परत बाजारात आणलं.

यातून मला एक गोष्ट कळली, आणि ती माझ्या विरोधात जाते. नवी आवृत्ती आली म्हणून जुनं पुस्तक पेट घेत नाही. फ्रॉस्टग्रेव्हची पहिली आवृत्ती आजही माझ्या मोबाइलमध्ये आहे, अक्षर न अक्षर तसंच. लेखकाने मित्राच्या आत्याला हात लावला नाही. त्याला नवा खेळ लिहायचा हक्क होता आणि त्याने तो नीट लिहिला. जुना खेळ संपतो तो समोर बसणारा उठून गेला की. दोन माणसांच्या खेळात नियम पुस्तकात असतात खरे, पण ते जिवंत राहतात ते समोरच्याने मान डोलावल्यामुळे. नियम म्हणजे आपण समोरच्याला दिलेला शब्द असतो : मी या या मर्यादेत तुझ्याशी भांडेन, आणि तूही. हा शब्द बदलता येतो. पण तो दोघांनी मिळून बदलायचा असतो. एकाने पान दाखवून नाही.

मी दोनदा पान दाखवलं. एकदा दहाव्या वर्षी, एकदा तेविसाव्या. दोन्ही वेळा मी जे सांगत होतो ते नियम म्हणून बरोबर होतं. आणि दोन्ही वेळा समोरच्याने ‘बरं’ म्हटलं, ‘ठीक आहे’ म्हटलं आणि मी ते संमती म्हणून वाचलं. ज्याला खेळायला दुसरं कुणी नाही त्याच्या ‘बरं’ला संमती म्हणता येत नाही. आजोबांकडे पर्याय काय होता? नातवाच्या नियमाने खेळायचं किंवा एकट्याने बसायचं. त्यांनी आधी पहिलं करून पाहिलं.

मी काय करायला हवं होतं? फार काही नाही. म्हणायचं होतं, आजोबा, शिबिरात असं शिकवलं, मला ते शिकायचंय, एक डाव माझा, एक तुमचा. आठवड्यातली एक संध्याकाळ राजा उडाला असता तर माझं शिबिर काही बुडणार नव्हतं. जुन्याचं देणं हे एवढंच असतं असं मला आता वाटतं. ते कायम चालू ठेवावं असं नाही. पण ते बरोबर होतं हे कबूल करावं, आणि ज्याने त्यात आयुष्य घातलं त्याच्यासमोर अधूनमधून बसावं. उठायचंच झालं तर निरोप घेऊन उठावं.

आजोबांच्या बाबतीत आता काही करता येण्यासारखं नाही. पेण मात्र आमच्या घरापासून बाइकवर तासाभराच्या अंतरावर आहे. गेल्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, मी मित्राकडे गेलो. गणपतींचा हंगाम संपून कारखाना शांत होता. कोपऱ्यात साच्यांची चळत होती. शेजारच्या पोरांचा किल्ला अंगणात अजून उभा होता. मी म्हणालो, पहिल्या आवृत्तीने एक डाव खेळू या का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. चार जण वरच होते. बाकीचे चार खाली, कापसात.

"तुला राग आला होता का रे?" मी विचारलं.

"नियमाचा नाही आला," तो म्हणाला. "नियम चांगला होता. मी तुला म्हटलं माझे चार मेले, आणि तू मला स्क्रीनशॉट पाठवलास."

आम्ही त्या पोरांना विचारून त्यांचाच किल्ला टेबल म्हणून घेतला. अट एकच होती, महाराजांना हात लावायचा नाही. अळीव पिवळे पडले होते, त्यांना आम्ही बर्फ म्हटलं. प्लॅस्टिकचा वाघ तिथेच राहू दिला. ज्युनिअर्सबरोबर मी शनिवारी अजूनही नव्या आवृत्तीने खेळतो आणि ती अजूनही मला जास्त चांगली वाटते. पण त्या दुपारी आठच्या आठ तज्ज्ञ उतारावर उभे होते आणि जुन्या आवृत्तीचा तो असमतोल माझ्या टोळीला पूर्ण महागात पडत होता. मी हरणार हे तिसऱ्या फेरीतच दिसत होतं. तरी जाता जाता माझ्या एका तिरंदाजाने बुरुजावरून तिरक्याला पाडलं.

डाव संपला. तिरक्यासाठी फासा टाकायचा होता. पोरं जमली होती, त्यांनी विचारलं, किती पडायला पाहिजे? पाच किंवा वर, मी सांगितलं. मित्राने फासा हातात घेऊन बराच वेळ खुळखुळवला आणि टाकला. तो गडगडत पायरीवरून खाली आला आणि तिनावर थांबला.

"मेला," एक पोरगं म्हणालं.

मित्राने तिरक्याला उचललं, अंगठ्याने त्याच्या वाकड्या पायावरची माती पुसली आणि कापसात ठेवलं.

"हां," तो म्हणाला. "आता मेला."

आणि त्याने झाकण न लावताच विचारलं, "परत मांडू?"